गरीब व होतकरू

दिवाळीला पंधरा-वीस दिवस होते. सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. इतक्या सकाळी शाळामास्तराला फोन करणारी माणसे दोनच प्रकारची असतात. एक, ज्यांच्या मुलाला आज शाळेत यायचे नसते ती. आणि दुसरी, जिथे त्या वेळी रात्र असते अशा देशात राहणारी. हा फोन दुसऱ्या प्रकारचा होता.

"सर, ओळखलंत का?"

आवाज ओळखला नाही. पण नाव कानावर पडताच मागच्या बाकावर बसून खिडकीतून एस. टी. स्टँडकडे पाहणारा एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. तो आता अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरी इंजिनिअर आहे. पाऊसपाण्याच्या, गावातल्या माणसांच्या चौकशा झाल्या आणि मग तो जरा अडखळत म्हणाला, "सर, आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या नावानं आपल्या शाळेत एक शिष्यवृत्ती ठेवावी म्हणतो. पैसे मी पाठवतो, अटी तेवढ्या तुम्ही लिहा. तुम्ही लेखक आहात."

मी लेखक आहे ही गोष्ट आमच्या गावाला अमान्य नाही. माझ्या कादंबऱ्या गावात फारसे कुणी वाचत नाही. पण मानपत्र, अर्ज, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचा ठराव हे सारे माझ्याकडूनच लिहून घेतले जाते. तेव्हा या कामाचेही मला ओझे वाटले नाही. संध्याकाळी चहा घेऊन कागद पुढे ओढला आणि हाताच्या सवयीने पहिली ओळ लिहिली : 'ही शिष्यवृत्ती दरवर्षी शाळेतील एका गरीब व होतकरू...'

आणि पेन थांबले.

मराठीत काही शब्द जोडीनेच नांदतात. सगेसोयरे म्हणावे, पाहुणेरावळे म्हणावे, तसेच हे गरीब व होतकरू. देणगीची पाटी असो, वर्तमानपत्रातले निवेदन असो, गरीब आला की त्याच्या पाठोपाठ होतकरू यायचाच. श्रीमंताच्या मुलाला कुणी होतकरू म्हटल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? तो हुशार असतो, खोडकर असतो, फार तर लाडावलेला असतो. होतकरू असण्याची सक्ती फक्त गरिबावर. जणू गरिबी हा एक गुन्हा आहे, आणि होतकरूपणा हा त्याबद्दल भरायचा जामीन!

या शब्दाशी माझे वैर जुने आहे. मी सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारले गेले होते. नावाच्या आधी ते दोन शब्द होते. व्यासपीठावर एका सद्गृहस्थांनी माझ्या हातात डझनभर वह्या आणि एकशे एक्कावन्न रुपयांचे पाकीट ठेवले, डोक्यावर हात ठेवला आणि तो हात फोटो निघेपर्यंत तसाच राहू दिला. सद्गृहस्थ खरोखर भले होते. त्यांच्या वह्यांवर मी वर्षभर लिहिले. पण त्या हाताचे वजन आजही मला डोक्यावर जाणवते, आणि वह्यांचे उपकार मात्र आठवावे लागतात. असे का व्हावे?

त्या दिवशी सभामंडपात शेवटच्या रांगेत माझा दादा उभा होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पहाटे साडेचारला तो स्टँडवर जाऊन वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवून घ्यायचा, सात वाजेपर्यंत घरोघर अंक टाकायचा आणि मग शाळेत येऊन तिसऱ्या तासाला झोपायचा. त्या पैशांत आमच्या घराचे रॉकेल आणि माझी फी भागायची. नववीत तो नापास झाला. पुढल्या वर्षी त्याने शाळा सोडली. शिष्यवृत्तीसाठी त्याचे नाव कुणी सुचवले नाही, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती. नियम स्पष्ट होता. दादा गरीब होता, होतकरू नव्हता.

मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की माझा होतकरूपणा हा दादाच्या झोपेतून कापून घेतलेला होता. मी पहाटे अभ्यास करू शकत होतो, कारण तो पहाटे स्टँडवर होता. होतकरू व्हायलासुद्धा थोडे भांडवल लागते. एक दिवा, दोन तासांची शांतता, पोटात काहीतरी, आणि आपल्या वाटचे काम करणारे दुसरे कुणीतरी. हे भांडवल ज्याला मिळाले त्याला आपण आणखी देतो, आणि ज्याला मिळाले नाही त्याला 'तू होतकरू नाहीस' असे सांगून परत पाठवतो. मग दान म्हणजे नेमके काय, आणि ते कुणाला द्यायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक. देश, काल आणि पात्र. लहानपणापासून 'सत्पात्री दान' हा शब्द आपण ऐकत आलो. ऐकता ऐकता त्यातला 'सत्' तेवढा लक्षात ठेवला आणि 'पात्र' विसरलो. पात्र म्हणजे भांडे. भांड्याची पात्रता कशात? ते चांदीचे आहे की पितळेचे, यात नव्हे. ते रिकामे आहे आणि फुटके नाही, एवढ्यात त्याची पात्रता संपते. आम्ही मात्र आधीच अर्धे भरलेले भांडे शोधत हिंडतो. कारण त्यात ओतलेले लवकर काठापर्यंत आलेले दिसते आणि फोटोला बरे पडते.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे बोलायला ठीक आहे. पण पैसे एकाचे आणि अर्ज चाळीस. निवड करावीच लागते. मग जो शिकून समाजाच्या उपयोगी पडेल त्याला का देऊ नये? आक्षेप खरा आहे. मीही तो कैकदा घेतला आहे. पण कोण उपयोगी पडेल हे ओळखण्याची आमची ताकद किती? भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण होते. शेकडा अडतीससुद्धा नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी या तरुणाला कॉलेजसाठी मदत दिली आणि १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. आज गावोगावच्या शिष्यवृत्त्यांत 'किमान साठ टक्के' ही अट असते. त्या अटीपुढे हा विद्यार्थी दारातूनच परत गेला असता. ज्या मुलाला शाळेत इतर मुलांपासून दूर बसावे लागत होते, त्याच्या दोनशे ब्याऐंशी गुणांचे मोल काय होते, हे त्या गुणपत्रिकेवर लिहिलेले नव्हते. गुणपत्रिका किती चालला ते सांगते. कुठून निघाला ते सांगत नाही.

पात्राचा प्रश्न असा. आता कालाचा घ्या.

आमच्या शाळेत एक जुने बक्षीस आहे. कुणा संस्कृतप्रेमी गृहस्थांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पाचशे रुपये ठेवले आणि लिहून दिले, की अकरावी मॅट्रिकला संस्कृतात पहिला येईल त्याला व्याजातून ग्रंथ द्यावा. १९७५च्या सुमारास जुनी अकरावी गेली आणि दहावीची शालान्त परीक्षा आली. पुढे आमच्या शाळेतले संस्कृतही गेले. बक्षीस मात्र आहे. दरवर्षीच्या अहवालात त्याची एक ओळ छापली जाते : 'यंदा पात्र विद्यार्थी न मिळाल्याने पारितोषिक देण्यात आले नाही.' ती ओळ वाचताना मला वाटते, पात्र विद्यार्थी तर चारशे आहेत. पात्रता हरवली आहे ती बक्षिसाची.

ही तक्रार एकट्या आमच्या शाळेची नाही. अमेरिकेत सेंट लुइस शहराचे एक नगराध्यक्ष होते, ब्रायन मलनफी. १८५१ साली ते वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले गरीब प्रवासी त्या काळी सेंट लुइसवरून जात. त्यांचे हाल पाहून या भल्या माणसाने आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांच्या मदतीसाठी लिहून ठेवला. पुढे आगगाडी आली, वस्त्या वसल्या, त्या वाटेने जाणारे गाड्यांचे तांडे संपले. पैसे राहिले, प्रवासी गेले. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या चतुर माणसाचीही गत निराळी झाली नाही. १७९० साली तो वारला तेव्हा बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना त्याने एक-एक हजार पौंड ठेवले होते. पंचविशीच्या आतल्या, उमेदवारी पुरी केलेल्या विवाहित कारागिरांना शेकडा पाच व्याजाने कर्ज द्यावे, आणि हे दोनशे वर्षे चालावे! पण कारखाने आले, उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची पद्धतच बुडाली आणि कर्ज घेणारे मिळेनासे झाले. फ्रँकलिनचे नशीब असे, की त्याची शहरे शहाणी निघाली. पहिल्या शंभर वर्षांनंतर बॉस्टनमध्ये त्या पैशांतून कारागिरी शिकवणारी शाळा निघाली. दोनशे वर्षे भरली तेव्हा, १९९०च्या सुमारास, बॉस्टनच्या निधीत पंचेचाळीस लाखांहून अधिक डॉलर होते आणि फिलाडेल्फियाच्या निधीत वीस लाखांच्या आसपास. फिलाडेल्फियाने आपल्या वाट्यातून हातकामाचे, तंत्राचे शिक्षण घेणाऱ्या तिथल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या.

माझा विद्यार्थी ज्या गावात राहतो त्या क्लीव्हलंडमध्ये फ्रेडरिक गॉफ नावाचे एक वकील होते. पुढे ते एका मोठ्या बँकेचे अध्यक्ष झाले. मेलेल्या माणसांचे असे पैसे सांभाळणे हाच त्यांच्या बँकेचा व्यवसाय. मृताचा हात जिवंतांच्या मनगटावर कसा घट्ट बसतो, हे त्यांनी रोजच्या रोज पाहिले असणार. १९१४ साली त्यांनी एक तोड काढली. गावातल्या लहानमोठ्या देणग्या एका निधीत याव्यात. मुद्दल बँकेने सांभाळावे, उत्पन्न गावाच्या कामी लागावे. देणाऱ्याला आपली इच्छा सांगता यावी. पण काळ बदलून ती इच्छा निरुपयोगी वा अशक्य झाली, तर तो पैसा दुसऱ्या चांगल्या कामाकडे वळवण्याचा अधिकार गावातल्या जिवंत माणसांच्या समितीला असावा. यालाच तिकडे कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आपण गावनिधी म्हणू. पुढल्याच वर्षी शिकागो आणि बॉस्टन या शहरांनी तो कित्ता गिरवला. आज एकट्या अमेरिकेत असे आठशेहून अधिक निधी आहेत. सामान्यतः मुद्दल राखायचे आणि दरसाल शेकडा चार-पाच वाटायचे, अशी त्यांची रीत.

हे ऐकायला सोपे वाटते. पण यात एक काटा आहे, आणि तो मला बराच वेळ टोचत होता. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कुणी अधिकार दिला? जिवंत माणसाशी बेइमानी केली तर तो भांडेल, चारचौघांत उभा करील. मेलेला काय करणार? जो तक्रार करू शकत नाही त्याला दिलेले वचन सर्वांत जास्त बांधणारे नव्हे काय? आज आम्ही म्हणणार की संस्कृत गेले, आता हे पैसे मैदानाच्या कुंपणाला लावू. उद्या कुणी म्हणेल, कुंपण नको, मुख्याध्यापकांच्या खोलीत पंखा लावू. अशा वाटेने सोयीला काळाचे नाव देता येते.

यावर मला एकच उत्तर सापडले. प्रत्येक दानात एक हेतू असतो आणि एक अट असते. हेतू हा जीव; अट हे त्या त्या काळचे अंगरखे. आंबेडकरांचेच पाहा. बडोद्याची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. १९१७ साली ते खरोखरच बडोद्याला रुजू झाले. पण ज्या शहराने पैसे दिले त्या शहरात या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी म्हणून नोंदवून एका धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही त्यांना हाकलण्यात आले. दहा वर्षांची अट काही दिवसांतच मोडली. पण ती शिष्यवृत्ती वाया गेली असे आज कुणी म्हणेल काय? अट हरली, हेतू जिंकला. आणि तोही देणाऱ्याच्या कल्पनेपलीकडे जिंकला.

आपल्याकडेही मूळ हेतू साधेनासा झाला तर धर्मादाय आयुक्तांमार्फत कोर्टाची वाट धरता येते, आणि तिथेही कसोटी हीच, की नवे काम मूळ हेतूच्या जवळचे हवे. गावनिधीचे निराळेपण एवढेच, की देणारा जिवंतपणीच आपल्या मुठीची बोटे सैल करतो. 'माझ्या मागून येणारे माझ्याहून मूर्ख नसतील' असा विश्वास तो ठेवतो. विश्वस्त हा शब्द त्या विश्वासातूनच आलेला आहे. पैसे देण्यापेक्षा हे देणे कठीण. पैसे पुष्कळ जण देतात. आपला शब्द शेवटचा नसावा, हे फार थोड्यांना देता येते.

राहिला देश. म्हणजे आपले गाव, आपली माणसे. दूरच्या सरकारला जे दिसत नाही ते गल्लीतल्या माणसाला दिसते, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण गल्लीतल्या माणसाला फार दिसते, ही अडचणही तितकीच खरी आहे. ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी गावातल्या एका निधीच्या निवडसमितीवर मी होतो. बारावी झालेल्या एका मुलीचा अर्ज आला होता. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. पहिला हप्ता भरण्याची ऐपत नव्हती. आम्ही पाच जण बसलो. पाचही जण तिचे घर ओळखत होतो, आणि तीच तिची आपत्ती ठरली. एक जण म्हणाले, "तिचा बाप पितो. पैसे बाटलीत जातील." दुसरे म्हणाले, "खरं आहे." मी मान हलवली. कुणीही खोटे बोलले नाही. बाप पीतच होता. पाच मिनिटांत तो अर्ज खालच्या गठ्ठ्यात गेला आणि आम्ही चहा मागवला. पैसे परस्पर कॉलेजात भरता आले असते, ही गोष्ट आम्हा पाच शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. बापाच्या व्यसनाची शिक्षा आम्ही मुलीला दिली, आणि तीसुद्धा गावाच्या पैशांचे रक्षण केल्याच्या समाधानात.

ती मुलगी आता बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानात काम करते. गेल्या दिवाळीत मी शर्टाचे कापड घ्यायला गेलो. "या सर," म्हणून तिने स्टूल पुढे केले. कापड मोजले आणि कात्री लावताना मापापेक्षा चार बोटे पुढे लावली. मी पाहिले, तिने पाहिले की मी पाहिले. ती हसून म्हणाली, "धुतल्यावर आटतं, सर." तिने मला काही विचारले नाही. मी पात्र आहे की नाही, हेदेखील नाही.

गॉफसाहेबांना माणसांची ही खोड माहीत असावी. त्यांच्या पहिल्या वाटपसमितीत पाच माणसे होती, पण पाचांना नेमणारा हात एक नव्हता. काहींना बँकेने नेमायचे, एकाला नगराध्यक्षाने, आणि इतरांना न्यायाधीशांनी. एकाच धर्मपंथाचे दोनांहून अधिक सभासद नसावेत. राजकारणातली जागा भूषवणारा किंवा तिच्यासाठी उभा राहणारा माणूस समितीवर चालणार नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी केली. निधीत अजून वाटायला पैसे जमलेही नव्हते, तेव्हा त्यांनी शहराची पाहणी आरंभली. गरिबांना मदत कशी पोचते, शाळा कशा चालतात, हे तपासून त्याचे अहवाल छापले. आधी पाहा आणि मग द्या. आम्ही पाच जणांनी उलट केले होते. आम्हाला सारे आधीच माहीत होते, म्हणून आम्ही काही पाहिलेच नाही.

आणि गाव म्हणजे नुसते घेणाऱ्यांचे नव्हे, देणाऱ्यांचेही. कॅनडातल्या विनिपेग शहरी १९२१ साली असाच निधी निघाला. पहिली देणगी एका सावकारी पेढीच्या मालकाची होती, एक लाख डॉलरची. दुसरी देणगी १९२४ साली आली. एका पाकिटात पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती. देणाऱ्याचे नाव नव्हते. ख्रिस्ताच्या कथेतल्या, जवळची दोन नाणी देऊन टाकणाऱ्या गरीब विधवेचा नुसता उल्लेख त्या चिठ्ठीवर होता. त्या निधीचा इतिहास सांगताना लोक आजही लाखाच्या आधी त्या पंधरा डॉलरांविषयी बोलतात. आपल्याला याचे नवल नको. महाभारतातले ते अर्ध्या अंगाचे सोनेरी मुंगूस धर्मराजाच्या यज्ञात लोळले आणि उरलेले अंग सोन्याचे न होताच परत गेले. कारण एका उपाशी कुटुंबाने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठाची सर त्या यज्ञाला नव्हती. आणि पुराणात कशाला जायचे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. ते चालले बायाबापड्यांनी जात्याशी बाजूला काढलेल्या मूठ-मूठ धान्यावर. आणि मुलांना उपास पडायची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. त्या अन्नाला अट एकच होती : साऱ्यांनी एका पंक्तीला बसायचे.

हे सारे मनात घोळवून मी दिवाळीआधीच्या रविवारी अटी लिहून काढल्या. शिष्यवृत्ती गरजेवर द्यावी. गुणांची किमान मर्यादा नसावी, शिकायची इच्छा आणि प्रवेशाचा कागद पुरे. पैसे शक्य तिथे परस्पर फीला, बसच्या पासाला, खाणावळीला जावेत. समितीत पाच माणसे असावीत; त्यांत एक आई असावी, आणि पुढे पूर्वी शिष्यवृत्ती घेतलेला एक जण असावा. एका जातीची दोनांहून अधिक नसावीत. तीन वर्षांनी बदलावीत. नकार देण्यापूर्वी एकाने तरी घरी जाऊन यावे. व्यासपीठ, हार, फोटो नाहीत. दहा वर्षांनी समितीने अटी पुन्हा वाचाव्यात, आणि हेतू राखून हव्या तर बदलाव्यात.

फोनवर सगळे वाचून दाखवले. तिकडे बराच वेळ शांतता.

"सर, होतकरू हा शब्द दिसत नाही कुठं."

"काढला."

"बरं केलंत," तो म्हणाला. "इथल्या निधीतही मी अर्ज वाचायला जातो. पैसे देणाऱ्याला निवडीवर वर्चस्व ठेवता येत नाही इथं. तेव्हा मला राग यायचा, की पैसे आपले आणि निवड दुसऱ्याची का? पण सर, मी तरी कुठं होतकरू होतो? आठवीत गणितात नापास झालो होतो. माझ्याच शिष्यवृत्तीला साठ टक्क्यांची अट असती, तर मलाच ती मिळाली नसती. आई पापड लाटायची म्हणून शिकलो."

मी काही बोललो नाही. मागच्या बाकावरून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाविषयी त्या वेळी माझे मत काय होते, ते मला आठवत होते.

संध्याकाळी तो कागद घेऊन मी दादाच्या दुकानात गेलो. त्याचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. हात पुसून, कागदाला तेल लागू नये म्हणून दोन बोटांच्या चिमटीत धरून त्याने तो सावकाश वाचला. दादा नववी नापास आहे. पण माझ्या कादंबऱ्या गावात कुणी पुऱ्या वाचल्या असतील तर त्यानेच.

"चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला. "पण एक राहिलं."

"काय?"

"पैसे कधी देणार ते. फी भरायची असते जूनमध्ये. आपल्याकडे शिष्यवृत्ती देतात जानेवारीत, संमेलनाला. तोवर पोरगं कुठंतरी कामाला लागलेलं असतं."

देश, काल, पात्र यांवर मी आठ दिवस डोके खाजवले होते. काल म्हणजे शतके, असे मी समजत होतो. दादाला तो कॅलेंडरवर दिसत होता.

त्याच्याच काउंटरवर, बिलबुकाच्या पाठीवर कागद ठेवून मी शेवटची अट लिहिली : 'रक्कम दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावी.' दादाने ती वाचली, मान हलवली, आणि पुढची गाडी स्टँडवर घेतली.